खालच्या वाफ्यातलं बी

बागायतदारांच्या या वार्षिक अंकाचे संपादक दरवर्षी माझ्याकडून काहीतरी लिहून घेतात. आजवर मी जास्वंदीवर लिहिलं, आंब्याच्या कलमांवर लिहिलं, एकदा तर कुंडीतल्या मुंग्यांवर चार पानं भरली. "भाऊ, तुमची नर्सरी पामची. पामवर का नाही लिहीत?" असं ते दरवेळी विचारतात, आणि मी दरवेळी "पुढच्या वर्षी बघू" म्हणतो. पामवर लिहायला बसलो तर असाईवर लिहावं लागणार आणि असाईवर लिहायचं तर हिरूबायचं नाव घ्यावं लागणार, हे मला ठाऊक होतं. म्हणून टाळत आलो. आता सत्त्याहत्तरावं चालू आहे. गुडघे गेले, नर्सरी मुलगा बघतो. अजून टाळलं तर राहूनच जाईल.

आमची वाडी वटारला. वडिलांच्या वेळी केळी आणि पानवेली होत्या. मी हाताशी आलो तोवर वसई-विरारला इमारती उठायला लागल्या होत्या, आणि प्रत्येक इमारतीच्या गेटवर दोन्ही बाजूंना पाम हवेत असं का कुणास ठाऊक सगळ्या बिल्डरांनी ठरवून टाकलं होतं. मी केळी काढली आणि पाम लावले. वडील आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. "ज्याला फळ नाय, ज्याची सावली नाय, त्याला झाड म्हनतोस?" एवढंच एकदा जेवताना म्हणाले.

पामचा धंदा बाहेरच्यांना सोपा वाटतो. तसा तो नाही. गुलाबाची फांदी तोडली की दुसरी फुटते. पामला फांदीच नसते. प्रत्येक खोडाच्या शेंड्यात एक कोवळा गाभा असतो, तो गेला की ते खोड संपलं. विरारचे एक गृहस्थ माझ्याकडून बंगल्यासाठी सहा रॉयल पाम घेऊन गेले. वर्षभराने फोन आला, "भाऊ, एकही झाड वाढत नाहीये." जाऊन बघतो तर सहाही झाडांचे शेंडे सपाट छाटलेले. "बायको म्हणाली, छाटलं की डेरेदार होतं." मी वहिनींकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "मी मेंदीबद्दल बोलत होते." दुसरे एक जण बॉटल पाम घेऊन गेले होते. ते दोन वर्षांनी विचारायला आले की याला नारळ कधी धरणार.

पामचं कलम होत नाही, आणि रुजवायला फांदीच नसते. बी पेरायचं आणि वाट बघायची. त्यात बियांचे नखरे. काही पामचं बी महिनोन् महिने डब्यात राहतं. काहींचं आठवडाभर कोरडं राहिलं तर मरतं, आणि मेलेलं बी जिवंत बियासारखंच दिसतं. पेरल्यावर दोन महिन्यांनी वाफा रिकामा दिसला म्हणजे कळतं. त्यामुळे पामच्या नर्सरीत मालकापेक्षा वाफे सांभाळणारं माणूस मोठं. माझ्याकडे ते माणूस म्हणजे हिरूबाय.

हिरूबाय मिठागराकडच्या गावातली. माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठी. नवरा लवकर गेला, एक मुलगी होती, मंदा. माझ्याकडे आली तेव्हा तिने पाम हा शब्दही ऐकलेला नव्हता. चार वर्षांत ती बियावर नखाने टिचकी मारून सांगायची, "यातलं अर्धं मेलंय भाऊ, परत पाठव." मी परत पाठवायचो. व्यापारी चिडायचे, पण पुढच्या वेळी बी चांगलं यायचं. ती मला तू म्हणायची, मीही तिला. माझ्या बायकोला मात्र ती अहो-जाहो करायची, कारण "तिच्या हातचा चहा पिते."

तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. वाफ्यात काय पेरलंय याची खूण ती शिंपल्यांनी करायची. खाडीवरून येताना पदरात शिंपले घेऊन यायची आणि वाफ्याच्या डोक्याशी मातीत रोवायची. नेहमीच्या अरेका पामला एक शिंपला, फिशटेलला दोन, नवीन काही आलं की तीन. बी रुजायचं बाकी असेल तोवर शिंपला पालथा, कोंब दिसले की उताणा. बाकीच्या नर्सऱ्यांत प्लॅस्टिकच्या पट्ट्या असत. त्यावरची मार्करची शाई दोन महिन्यांच्या उन्हात उडून जायची आणि मग मालक व माळी दोघं पट्टी उजेडात धरून अंदाज करत बसायचे. आमच्याकडे तसं कधी झालं नाही. बाहेरचे लोक हसायचे. "भाऊ, नर्सरी आहे की कोळणीची पाटी?" मीही त्यांच्याबरोबर हसायचो. हे आता लिहिताना बरं वाटत नाही.

त्याच काळात असाईचं नाव लोकांच्या कानावर यायला लागलं. फोनवर व्हिडिओ फिरत होते. काळ्या-जांभळ्या बोरासारखं फळ, खाल्लं की हृदय चांगलं, कातडी चांगली, केस चांगले. ते किती खरं मला माहीत नाही. झाड मात्र मला आवडलं. दक्षिण अमेरिकेत ॲमेझॉन नदी समुद्राला मिळते तिथल्या सखल चिखलात हे पाम उभे असतात. भरती आली की समुद्र नदीला मागे रेटतो आणि नदीचं पाणी काठावर चढून झाडांच्या बुंध्यांना लागतं. आपल्या खाडीसारखंच, पण तिथलं पाणी गोडं. एका बुडातून पाच-दहा बारीक, उंच खोडं निघतात, आणि पानांच्या पाती केस विंचरून सोडल्यासारख्या खाली लोंबतात. तिथली गरीब माणसं पिढ्यान् पिढ्या याच्या फळाचा गर कालवून पोटभर खातात. हे ऐकून मला वडिलांची आठवण झाली. म्हटलं, बघा, फळ देणारा पामही आणला.

विरारला सावंत साहेब म्हणून एक होते. मूळचे कोकणातले, मुंबईच्या कचेरीतून निवृत्त झालेले. जन्मभर फ्लॅटमध्ये काढल्यावर त्यांनी अर्नाळ्याच्या बाजूला थोडी जमीन घेतली होती. त्यांना असाईची बाग करायची होती. मी म्हटलं, बी मिळालं तर रोपं देतो. केरळातल्या एका हौशी बागायतदाराकडे मोठी झाडं होती. त्याने ओल्या भुशात बांधून बी पाठवलं. पार्सल आलं त्या दिवशी हिरूबायने पिशवी उघडली, नाकाला लावली, एक बी दाताखाली धरलं आणि म्हणाली, "जिता हाये. पन याला पानी लागंल बग."

इथून पुढचं मी सावकाश लिहितो, कारण सगळं यातच आहे.

नर्सरीत हिरव्या जाळीखाली दोन मोठे वाफे होते. वरचा विहिरीजवळ, रस्त्यावरून दिसणारा. खालचा बावखलाला लागून. बावखल म्हणजे आमच्या वाड्यांमधलं उथळ तळं. त्याच्या काठची माती चैत्रातही ओली असते. मी हिरूबायला सांगितलं होतं, असाई वरच्या वाफ्यात पेर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल. अरेका खाली टाक. ती दुपारी माझ्याकडे आली. मी कुणाशी तरी लॉनबद्दल फोनवर बोलत होतो. ती म्हणाली, "भाऊ, ते नवीन बी मी खाली बावखलाकडं टाकते. वर सुकंल. अरेका वर घेते." मी कानाचा फोन न काढता मान हलवली आणि हाताने 'बरं बरं' केलं.

दोन महिन्यांत दोन्ही वाफे हिरवे झाले. असाईचं पहिलं पान मधून चिरलेलं, माशाच्या शेपटीसारखं असतं. अरेकाचंही तसंच. त्या वयात दोन्ही रोपं शेजारी ठेवली तर मलाच काय, कुणालाही सांगता येणार नाही. फरक एकच. रोप उपटलं तर मुळाशी जुनं बी चिकटलेलं असतं. असाईचं गोल, सुतळीच्या गोळीसारखं. अरेकाचं लांबट.

दसरा झाला की हिरूबाय भातकापणीला आपल्या गावी जायची, पंधरा-वीस दिवस. त्या वर्षीही गेली. त्याच दिवसांत बागायतदारांचा एक गट माझी नर्सरी बघायला येणार असं ठरलं. ॲमेझॉनचा पाम बघायचा, व्हिडिओ काढायचा. मला नर्सरी नीटनेटकी दिसायला हवी होती. मी विरारहून छापील पाट्या करून आणल्या, हिरव्यावर पांढरी अक्षरं. वरच्या वाफ्यावर 'असाई पाम' लावली, खालच्यावर 'अरेका पाम'. वाफ्यांच्या डोक्याशी शिंपले होते. वरच्यावर एक, खालच्यावर तीन. मी ते वाचले नाहीत. मला ते कचऱ्यासारखे दिसले. उपटून घमेल्यात टाकले आणि विहिरीमागे ओतले. एक रोप उपटून बी बघायला अर्धं मिनिटही लागलं नसतं.

पाहुणे आले, व्हिडिओ झाला, माझं कौतुक झालं. त्याच आठवड्यात रोजावर दोन माणसं लावून रोपं पिशव्यांत भरून घेतली. पाट्या पिशव्यांच्या रांगांसमोर गेल्या.

हिरूबाय परत आली, रांगा बघितल्या आणि म्हणाली, "माझे शिंपले कुठं हायेत?"

"आता पाट्या आहेत. शिंपल्यांची गरज नाही."

"मना नाय वाचता येत."

"मला येतं ना."

ती रांगांमधून एक फेरी मारून आली. एक रोप हातात घेऊन उलटसुलट बघितलं. बी मातीखाली गेलेलं. "बगून लावल्यास ना रे पाट्या?"

"आता तू मला शिकवणार?" मी म्हणालो.

ती पाण्याची झारी घेऊन निघून गेली.

पुढच्या पावसाळ्यात एक रांग सावंत साहेबांच्या जमिनीत गेली, असाई म्हणून. दुसरी रांग अरेका म्हणून जाईल तशी गेली, सोसायट्या, शाळा, कारखाने. सातिवलीला एक बर्फाचा कारखाना आहे, त्याच्या गेटवरही त्यातलीच लावली.

पामचं खरं रूप दोन-तीन वर्षांनी दिसायला लागतं. तिसऱ्या वर्षी सावंत साहेब नर्सरीत आले. हातात एक पान होतं, देठ पिवळाधमक. ओरडले वगैरे नाहीत. ते ओरडणाऱ्यांपैकी नव्हतेच. खुर्चीवर बसले, पान टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "भाऊ, माझ्या सोसायटीच्या गेटवर हेच झाड आहे. रोज सकाळी दूध आणायला जाताना बघतो. मी इतकी वर्षं त्याचीच बाग करतोय का?"

मी पान हातात घेतलं. साधा अरेका. शंका घ्यायला जागाच नव्हती.

"हे कुणाच्या हातून झालं?" त्यांनी विचारलं.

आजूबाजूला माझी चार माणसं काम करत होती. हिरूबाय दहा पावलांवर पिशव्यांना पाणी घालत होती. नर्सरीवाल्याकडे रोपाच्या नावाशिवाय विकायला दुसरं काही नसतं. बाहेर कळलं की याच्याकडे नाव एक आणि झाड दुसरं, तर दुकान बंद. हे मी आज समजावून सांगतोय. त्या क्षणी असा विचारही केला नव्हता. तोंडातून निघून गेलं.

"वाफे ही बघते," मी म्हणालो. आणि तिला हाक मारली. "हिरूबाय, ते केरळचं बी तू सुकवलंस ना? सुकून मेलं, आणि मी विचारीन म्हणून त्या जागी घरचं अरेकाचं बी टाकलंस. खरं सांग."

तिने झारी खाली ठेवली. "काय बोलतोस भाऊ? उगवलं होतं ते. मी खालच्या वाफ्यात पेरलं होतं. तुला सांगितलं होतं, तू फोनवर होतास."

"मी वरच्या वाफ्यात सांगितलं होतं."

"तू वर सांगितलंस, मी खाली पेरलं. तुला इचारून पेरलं."

"खोटं बोलू नकोस."

सगळे ऐकत होते. ती एकदा माझ्याकडे, एकदा सावंत साहेबांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी बी मारीत नाय, भाऊ." एवढंच. आपलं खुरपं घेतलं, अंबाड्याला खोचलेलं अबोलीचं फूल सारखं केलं आणि गेली. बारा वर्षं माझ्याकडे राबलेलं माणूस.

त्या वेळी मला फोनवरचं ते बोलणं आठवलं नव्हतं, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो. ते पूर्ण खरं नाही. 'तू फोनवर होतास' म्हणाली तेव्हा काहीतरी हललं होतं. मी ते तिथेच दाबलं.

सावंत साहेब जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चालायचंच भाऊ. माणसं अशी असतात. तुमचा काय दोष?" पुढे त्यांचं काही बिघडलं नाही. अरेकाची पानं लग्नाच्या मंडपवाल्यांना, फुलवाल्यांना लागतात. त्यांची बाग त्यावर चांगली चालली. दर दिवाळीला ते मला फराळ पाठवायचे. त्यांनी मला माफ केलं होतं, आणि तेही हिरूबायच्या चुकीसाठी.

आमच्या पट्ट्यातल्या नर्सऱ्या एकमेकींना धरून आहेत. कुणाकडे काय झालं ते संध्याकाळपर्यंत सगळीकडे कळतं. 'बी बदलणारी बाई' हे नाव हिरूबायच्या मागे लागलं. वाफ्यांवर तिला कुणी घेईना. तण काढायला घ्यायचे, माती भरायला घ्यायचे. बियाला हात लावू देत नसत.

वर्षभराने ती एकदा माझ्या फाटकाशी आली. आत आली नाही. मीच बाहेर गेलो.

"मना काम नको तुझं," ती म्हणाली. "पन त्या लोकांना एवढं सांग की हिरूबायने बी बदललं नाय. तुझं ऐकतील."

"बघू," मी म्हणालो.

"बगू नको. सांग."

मी सांगितलं नाही. पुढे ती मुलीकडे कामणला राहायला गेली असं कानावर आलं.

आणखी दोन वर्षं गेली. एके दिवशी बर्फाच्या कारखान्याच्या मालकांचा फोन आला, मेहताभाईंचा. "भाऊ, तुम्ही ते शोभेचं झाड लावलं ना गेटवर? मग ते फळं कशाला देतं? सगळ्या गाड्या जांभळ्या केल्या यार. पोरं त्याला जंगली जांभूळ बोलतात."

मी सातिवलीला गेलो. गेटच्या दोन्ही बाजूंना माझे 'अरेका' उभे होते. बर्फाच्या लाद्या धुतलेलं पाणी एका चरातून रात्रंदिवस त्यांच्या मुळाशी वाहत होतं, आणि झाडं अशी वर गेली होती की मी मान मागे करून बघत राहिलो. बारीक, सरळ खोडं. पानांच्या पाती केस मोकळे सोडल्यासारख्या खाली लोंबणाऱ्या. पानांच्या खाली केरसुणीसारखे घोस, आणि घोसांवर काळी-जांभळी फळं. बुलबुलांचा नुसता गोंगाट चालला होता. जन्मात पहिल्यांदा मी फळाला आलेली असाई बघत होतो, आणि ती माझ्याच नर्सरीतली होती.

बी मेलं नव्हतं. तिने सगळं उगवून दिलं होतं. वरचं खाली आणि खालचं वर मी केलं होतं, दोन पाट्यांनी. बावखलाची ओल, फोन, ते 'बरं बरं', घमेल्यातले शिंपले, सगळं एका क्षणात जागेवर येऊन बसलं.

"काय आहे हे?" मेहताभाईंनी विचारलं.

खरं सांगायला तीच जागा होती. उभं झाड साक्षीला होतं. सावंत साहेबांना फोन करून बोलावता आलं असतं. वटारच्या नर्सरीवाल्यांना रिक्षात घालून आणून दाखवता आलं असतं.

"अरेकाच," मी म्हणालो. "जुना झाला की कधी कधी धरतो फळ."

"मग काढून टाका. मला गाड्या धुवायला वेगळा माणूस ठेवायचा नाहीये."

मी दोन माणसं पाठवली आणि तिसऱ्या दिवशी गेट मोकळं झालं. पहिली चूक बेफिकिरीची होती. दुसरी भीतीची. ही तिसरी मी पूर्ण शुद्धीत केली. तिला नाव काय द्यायचं ते मला अजून कळलेलं नाही.

निघताना मात्र मी खाली पडलेली फळं रुमालात बांधून घेतली. घरी आल्यावर गर धुऊन काढला, आणि बी सुकू न देता त्याच संध्याकाळी बावखलाच्या कडेला पेरलं. पेरून झाल्यावर वाफ्याच्या डोक्याशी खूण करायची म्हणून विहिरीमागे गेलो. मातीत जुने शिंपले अजून सापडले. तीन घेतले आणि पालथे रोवले. दोन महिन्यांनी उताणे केले.

रोप दोन वर्षांचं झालं तेव्हा एक मोठ्या पिशवीत भरलं आणि रिक्षाने कामणला निघालो. रस्ताभर मी काय बोलायचं ते मनात घोकत होतो. चार वाक्यं होती. परत परत म्हणून पाठ केली होती.

मंदा तिथल्या एका गोदामात पार्सलं बांधायचं काम करते. गोदामांच्या मागच्या चाळीत त्यांची खोली. हिरूबाय दारात बसून तांदूळ निवडत होती. डोळ्यांत मोतीबिंदू. एका डोळ्याने जवळजवळ दिसत नव्हतं. मंदा आतून म्हणाली, "आई, वटारचे भाऊ आलेत."

हिरूबायने मान वर केली. "म्हातारा झालास की रे. पाय वाजतो तुझा. पिशवीतल्या रोपासारखा एका अंगाला कलून चालतोस."

"गुडघे गेले."

"वाकून काम केलं असतंस त नसते गेले. बस."

मी बसलो. पिशवी तिच्यापुढे ठेवली. "तुझ्यासाठी आणलंय."

तिने सूप बाजूला सारलं आणि रोपाला हात लावला. खोडावरून वर, मग देठावरून पानाच्या टोकापर्यंत. एक एक पात दोन बोटांत धरून सोडत गेली. वर उचलायची, सोडायची, आणि पात खाली पडली की दुसरी धरायची. बराच वेळ.

"हे खाली मान घालतं," ती म्हणाली. "अरेका मान वर ठेवतो." मग माझ्या दिशेने बघत विचारलं, "खालच्या वाफ्यातलं ना रे हे?"

"हो."

"म्हंजी उगवलं होतं."

"हो."

तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आनंदही नव्हता. लांबच्या गावाला गेलेलं माणूस पोचल्याचा निरोप ऐकावा तसं काहीतरी होतं. माझी चार वाक्यं तोंडात आली होती. मी घसा खाकरला. तेवढ्यात मंदा चहा घेऊन आली. "भाऊ, कप सांभाळून, कान तुटलाय त्याचा." मी कप घेतला. हिरूबाय तिला सांगू लागली, हे नळाच्या बाजूला लाव, भांडी घासलेलं पाणी याला जाऊ दे, साबणाचं नको. मंदा म्हणाली, "आई, चाळीत पाम लावायला आपण काय बिल्डर आहोत?" हिरूबाय हसली. मीही हसलो. चहा संपला. मग गुडघ्यांच्या गोष्टी निघाल्या, मोतीबिंदूच्या निघाल्या, आणि मी उठलो.

दारापर्यंत गेलो तेव्हा ती म्हणाली, "भाऊ, आता त्या लोकांना सांगशील?"

"सांगतो," मी म्हणालो. या वेळी 'बघू' म्हणालो नाही, एवढंच.

नंतरच्या पावसाळ्यात मंदाचा फोन आला. हिरूबाय दोन दिवसांच्या तापाने गेली होती. बोलता बोलता मंदा म्हणाली, "झाड नळापाशी छान लागलंय, आईने त्याच्या बुडाशी तीन शिंपले रोवून घेतले होते, कामणला शिंपले कुठून आणायचे म्हणून मी मासळीवालीकडून मागून आणले."

म्हणून हे लिहितोय. वटारपासून अर्नाळ्यापर्यंतच्या ज्या ज्या नर्सरीवाल्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून हिरूबायला वाफ्यापासून दूर ठेवलं, त्यांच्यातले निम्मे आता नाहीत. जे आहेत ते हा अंक वाचतात. त्यांनी हे वाचावं. तिने बी बदललं नव्हतं.

लिहिण्याआधी मी सावंत साहेबांच्या घरी जाऊन आलो. ते आता काठी घेऊन चालतात. त्यांना सगळं सांगितलं, बर्फाच्या कारखान्यासकट. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटलं, ते पुन्हा खांद्यावर हात ठेवतील. ठेवला नाही. म्हणाले, "हे तुम्ही त्या बाईंना सांगितलंत का?"

"रोप दिलं," मी म्हणालो.

"मी 'सांगितलंत का' असं विचारलं."

तिला कळलं होतं. पानावरून बोटं फिरवून तिचं तिने ओळखलं होतं. पण ते तिने ओळखलं, मी सांगितलं नाही. कामणच्या रस्त्यावर पाठ केलेली ती चार वाक्यं मला अजून पाठ आहेत. हिरूबाय, तू बी मारलं नव्हतंस. तू मला सांगून खालच्या वाफ्यात पेरलं होतंस. तुझे शिंपले मी फेकले आणि पाट्या मी चुकवल्या. माझं चुकलं, मला माफ कर.